खानदेशातून नाशिकच्या द्राक्षबागा आणि वायनरी पाहायला जाताना

धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतला माणूस नाशिकला जातो तो बहुधा त्र्यंबकेश्वरासाठी, दवाखान्यासाठी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी, आणि चैत्र आला की सप्तशृंगी गडासाठी. अलीकडे या यादीत वायनरीची भर पडली आहे. मात्र जाणाऱ्यांपैकी बरेच जण थेट चव घेण्याच्या टेबलापाशी पोहोचतात, फोटो काढतात, दोन बाटल्या घेतात आणि परत फिरतात. ज्या डोंगरउतारांमुळे हा व्यवसाय तिथे उभा राहिला ते उतार, ती वेल आणि ती छाटणी पाहायची राहूनच जाते. केळी आणि कापूस पिकवणाऱ्या, ठिबकाच्या नळ्या रोज पाहणाऱ्या भागातून जाणाऱ्या माणसाला ही सहल मुंबईकर पर्यटकापेक्षा कितीतरी अधिक समजू शकते, असे माझे मत आहे. म्हणून पुढील क्रम बाग आधी, कारखाना नंतर आणि चव सर्वांत शेवटी असा ठेवला आहे. घरात कोणी अजिबात पीत नसेल तरी पहिल्या दोन गोष्टींसाठी ही सहल करण्यासारखी आहे.

१. आधी हंगाम ठरवा, मग तारीख

महाराष्ट्रात द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते, तीत वेल जवळजवळ उघडी केली जाते आणि पुढच्या पिकाच्या काड्या तयार करून घेतल्या जातात. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, फळछाटणी होते आणि तिच्यानंतर घड लागतात. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारीच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंत चालते. नाशिकच्या थंड रात्री आणि कोरडे, उन्हाचे दिवस या काळात फळात साखर भरतात आणि आंबटपणाही टिकवून ठेवतात. युरोपात तोडणी उन्हाळा सरताना होते आणि आपल्याकडे ती हिवाळा सरताना होते, हा फरक बागेत उभे राहिल्यावर लगेच ध्यानात येतो.

त्यामुळे फेब्रुवारी हा उत्तम महिना. घड वेलीवर असतात, वायनरीत यंत्रे चालू असतात आणि आंबवणाच्या टाक्यांचा वास आवारभर पसरलेला असतो. गर्दी मात्र याच महिन्यात सर्वाधिक असते, तेव्हा शनिवार-रविवार टाळून मंगळवार ते गुरुवार यांपैकी एखादा दिवस निवडावा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बाग हिरवीगार असते, पण कारखाना शांत असतो. एप्रिल-मे महिन्यांत जाऊ नये. उघड्या वेली आणि ऊन यांपलीकडे हाती काही लागत नाही, आणि ऊन आपल्याकडे घरबसल्या मिळते. पावसाळ्यात इगतपुरीकडचे डोंगर अप्रतिम दिसतात, परंतु तेव्हा पाहायला मिळतो तो डोंगर; द्राक्षे नव्हे.

येथे एक नेहमीचा फसवा मुद्दा आहे. २६ जानेवारीला जोडून सुट्टी येते आणि तोडणीही सुरू झालेली असते, म्हणून अनेक जण नेमकी हीच तारीख धरतात. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी मद्यविक्री बंद असते. निवडणूक असेल तर मतदान संपण्यापूर्वीचे ४८ तासही कोरडे असतात. याशिवायही काही दिवस जाहीर होतात, तेव्हा बुकिंग करतानाच त्या तारखेबद्दल स्पष्ट विचारून घ्यावे.

२. एका दिवसाला एकच दिशा

नाशिकच्या वायनरी एका ठिकाणी नाहीत. शहराच्या चहूबाजूंना त्या विखुरलेल्या आहेत आणि नकाशावर जवळ दिसणारी दोन गावे प्रत्यक्षात शहर ओलांडून गाठावी लागतात. ढोबळमानाने चार दिशा धराव्यात.

पहिली दिशा गंगापूर धरणाची, शहराच्या पश्चिमेला. सुला, सोमा आणि यॉर्क या भागात एकमेकांपासून जवळ आहेत. सुलाची स्थापना १९९९ मधली. पर्यटकांना वायनरीत बोलावून चव देण्याची पद्धत नाशिकमध्ये रुजली ती प्रामुख्याने तिच्यामुळे. ती मोठी आहे, सगळी व्यवस्था घडी बसलेली आहे आणि सुट्टीच्या दिवशी तिथे जत्रा असते. गंगावऱ्हे गावाजवळची यॉर्क तुलनेने लहान आहे. धरणाच्या पाण्याकडे तोंड करून बसता येते आणि प्रश्न विचारायला माणूस मोकळा सापडतो. प्रथमच जाणाऱ्याने याच दिशेला जावे: सकाळी मोठी वायनरी आणि दुपारनंतर लहान.

दुसरी दिशा इगतपुरीची. सांजेगावची ग्रोव्हर झांपा आणि कावनईजवळची, मुकणे धरणाच्या काठची व्हॅलोने या बाजूला आहेत. खऱ्या अर्थाने डोंगरातली द्राक्षबाग पाहायची असेल तर ती इथेच. राज्यातील सर्वोच्च शिखर असलेले १६४६ मीटरचे कळसूबाई याच टापूतल्या रांगेत आहे. ज्यांना गर्दी नको आहे आणि एका जागी निवांत बसायचे आहे, त्यांना मी ही दिशा सुचवतो.

तिसरी दिशा दिंडोरीची. शँपेनच्या पद्धतीने फसफसती वाइन तयार करणारी शाँदाँ या तालुक्यात आहे. हाच रस्ता पुढे वणीला आणि सप्तशृंगी गडाच्या पायथ्याला जातो, त्यामुळे खानदेशातल्या माणसाला तो ओळखीचा असतो. गड आणि वायनरी एकाच दिवशी उरकण्याचा मोह होतो. माझा सल्ला असा की दोन्हींसाठी वेगळे दिवस ठेवावेत, आणि ते शक्य नसेल तर दर्शन आधी घ्यावे. चैत्रातल्या यात्रेच्या दिवसांत आपल्याच भागातले पदयात्री रस्ताभर चालत असतात आणि तोडणीही आटोपलेली असते, तेव्हा त्या पंधरवड्यात वायनरीसाठी या रस्त्याला लागू नये.

चौथी दिशा निफाड-विंचूरची. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणले आणि औद्योगिक विकास महामंडळाने विंचूरला वाइन पार्क उभारले. कुंदेवाडीची रेव्हिलो याच तालुक्यात आहे. इथे पर्यटकांची सरबराई कमी आणि उत्पादनाचे काम अधिक असते. फोनवर परवानगी मिळाल्याशिवाय जाऊ नये.

३. प्रवासाची आखणी

जळगाव, भुसावळ, पाचोरा किंवा चाळीसगावहून जाणाऱ्यांसाठी रेल्वे सर्वांत सोयीची. मुंबईच्या दिशेने जाणाऱ्या गाड्या मनमाडमार्गे नाशिकरोडला पोहोचतात. जळगावहून साधारण तीन ते साडेतीन तास लागतात. गंगापूर धरण मात्र नाशिकरोड स्थानकापासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, हे लक्षात घेऊन दिवसभरासाठी गाडी ठरवावी. एकेरी रिक्षाने वायनरीपर्यंत जाता येते, परतीची रिक्षा मिळेलच याची खात्री नसते. इगतपुरीची दिशा निवडली असेल तर नाशिकरोडला उतरूच नये. इगतपुरीला थांबणाऱ्या गाडीने थेट तिथवर जावे.

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने मालेगाव, चांदवड, पिंपळगाव बसवंत असा सरळ रस्ता आहे. नंदुरबार, साक्री, पिंपळनेरकडच्यांनी सटाण्यावरून जावे. त्या वाटेवर बागलाणच्या बागा दिसतात. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला त्यापूर्वी हा मुलूख खानदेशातच मोडत असे. इथले शेतकरी पावसाळ्याची जोखीम पत्करून फळछाटणी लवकर घेतात आणि इतरांच्या कितीतरी आधी, डिसेंबरच्या आसपास, खाण्याची द्राक्षे बाजारात आणतात. अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली की या अर्ली बागांचे होणारे नुकसान वर्तमानपत्रात आपण वाचतो. रस्त्याकडेच्या एखाद्या बागेत मालकाला विचारून दहा मिनिटे थांबलात, तर पुढे वाइनची बाग पाहताना तुलना करायला आधार मिळेल.

स्वतःच्या मोटारीने जात असाल तर वाइन न घेणारा चालक घरूनच ठरवून न्या. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. “चव म्हणजे दोन घोट” हा युक्तिवाद तिथे चालत नाही, आणि गणितातही तो टिकत नाही: एका चवीला साधारण ३० मिलिलिटर धरले तर सहा प्रकारांत एक भरलेला ग्लास पोटात जातो.

४. बुकिंग आणि कागदपत्रे

मोठ्या वायनरीत ऐनवेळी जागा मिळू शकते, लहान ठिकाणी आधी फोन केल्याशिवाय फाटकही उघडले जात नाही. फोनवर पुढील गोष्टी विचाराव्यात: फेरीत प्रत्यक्ष बाग दाखवतात की फक्त कारखाना, चवीला किती प्रकार देतात आणि ते कोणते, लहान मुलांना आणि न पिणाऱ्यांना फेरीत घेतात का आणि त्यांचे शुल्क वेगळे आहे का, शाकाहारी जेवण मिळते का, आणि फेरी मराठीतून मिळेल का. शेवटचा प्रश्न संकोच न करता विचारा. दाखवणारी मुले बहुधा आसपासच्या गावांतली असतात. पाठ केलेल्या इंग्रजी माहितीपेक्षा छाटणी, पाणी आणि फवारणी यांविषयी ती मराठीत कितीतरी मोकळेपणाने आणि खरे बोलतात.

सोबत ठेवायच्या गोष्टी:

- वयाचा पुरावा असलेले ओळखपत्र, प्रत्येकाचे स्वतंत्र. राज्यात वाइनसाठी २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. फोनमधला धूसर फोटो दाखवून भागत नाही.
- मद्य पिण्याचा आणि बाळगण्याचा परवाना. कायमचा नसेल तर एक दिवसाचा परवाना तिथेच मिळतो का, हे विचारून घ्यावे.
- बुकिंगचा संदेश आणि पैसे भरल्याची पावती.
- मोटारीची नेहमीची कागदपत्रे.
- बंद बूट आणि टोपी. ठिबकाखालच्या ओल्या मातीत चपला रुततात.
- बाटल्या आणायच्या असतील तर थर्माकोलची किंवा बर्फाची पेटी.

अत्तर लावून जाऊ नये. गुटखा, पान किंवा तंबाखू तोंडात असेल तर पुढची सगळी चव वाया जाते. सकाळी पोटभर नाश्ता करून निघावे, कारण उपाशीपोटी वाइन चटकन चढते आणि तिथल्या उपाहारगृहातले जेवण यायला वेळ लागतो.

५. बागेत काय पाहावे

वाइनची द्राक्षे पाहून पहिल्यांदा निराशा होते. मणी लहान, साल जाड, आत बिया आणि घड आवळलेला. थॉमसन किंवा सोनाका या खाण्याच्या द्राक्षांच्या जाती पाहण्याची सवय असलेल्या डोळ्याला हे पीक बिघडल्यासारखे वाटते. कारण सरळ आहे. खाण्याच्या द्राक्षाचा मणी फुगवण्यासाठी विरळणी करतात, जिबरेलिक ॲसिडमध्ये घड बुडवतात. वाइनला मोठा मणी नकोच असतो, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो. मणी लहान असला की रसाच्या मानाने साल जास्त मिळते. वेली कशा चढवल्या आहेत तेही पाहा: वाइनच्या बागेत बहुधा तारांवर उभी भिंत केलेली दिसते, तर खाण्याच्या द्राक्षांसाठी इंग्रजी ‘वाय’ (Y) अक्षराच्या आकाराचा आधार किंवा मांडव असतो.

विचारण्यासारखे प्रश्न: खुंट कोणता आहे, कलम कशाचे आहे, पांढऱ्या वाइनचे शेनिन ब्लाँ आणि लाल वाइनचे शिराझ या वाणांपैकी भुरी रोगाला कोणते लवकर बळी पडते, तोडणी कोणत्या ब्रिक्सला करतात. साखरेचे हे माप बहुधा २२ ते २४च्या आसपास सांगितले जाईल. तोडणी पहाटे का करतात, हेही विचारा. फळ गार असतानाच कारखान्यात पोहोचावे, हे त्यामागचे कारण.

परवानगीशिवाय घड तोडू नये. शिष्टाचार हा एक भाग झाला, पण फवारणी केव्हा झाली आहे हे पाहुण्याला ठाऊक नसते.

आपल्याकडचे काही शेतकरी मनात लागवडीचा विचार ठेवून ही सहल करतात, त्यांच्यासाठी एक इशारा. वाइनचे द्राक्ष बाजार समितीत नेऊन विकता येत नाही, बेदाणाही त्याचा चांगला होत नाही. घेणारी वायनरी हीच त्याची एकमेव बाजारपेठ. २००८ नंतरच्या मंदीत नाशिकमधल्या अनेक वायनरी अडचणीत आल्या, माल उचलला गेला नाही आणि शेतकऱ्यांनी वाइनच्या वेली काढून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. हातात लेखी करार आल्याशिवाय एक काडीही लावू नये, आणि करारात दर ब्रिक्सशी कसा जोडला आहे ते नीट वाचावे.

६. कारखान्याची फेरी

फेरी अर्ध्या-पाऊण तासाची असते आणि दाखवणारा भरभर बोलतो, त्यामुळे क्रम आधी माहीत असलेला बरा. क्रेटमधून आलेले घड निवडले जातात, यंत्रात देठ वेगळे होऊन मणी फुटतात. इथून पांढरी आणि लाल वाइन यांच्या वाटा वेगळ्या होतात. काळ्या द्राक्षांचाही रस बहुतेक वाणांत पांढुरकाच असतो. पांढऱ्या वाइनसाठी मणी दाबून फक्त रस टाकीत घेतात. लाल वाइनसाठी साल आणि बियांसकट सगळे आंबवतात, त्यातून रंग उतरतो. रोझेमध्ये, म्हणजे गुलाबी वाइनमध्ये, सालीचा सहवास काही तासांपुरताच ठेवतात.

स्टीलच्या टाक्यांना बाहेरून गार पाण्याचे किंवा ग्लायकॉलचे आवरण असते. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल तयार करते तेव्हा उष्णता निर्माण होते. ती आवरली नाही तर सुगंध उडून जातो. पांढरी वाइन त्यामुळे लाल वाइनपेक्षा बऱ्याच कमी तापमानात आंबवतात. टाकीवरचा तापमानाचा आकडा वाचा आणि आत काय आहे ते ओळखण्याचा प्रयत्न करा, लहान मुलांनाही हा खेळ आवडतो. ओक लाकडाची पिंपे बहुधा २२५ लिटरची असतात. पिंप किती वेळा वापरले आहे हे विचारले की दाखवणाऱ्याला समोरचा लक्ष देऊन ऐकतो आहे हे कळते आणि तो पाठांतर सोडून बोलू लागतो.

शँपेनच्या पद्धतीने केलेल्या फसफसत्या वाइनमध्ये दुसऱ्यांदा आंबवण्याची क्रिया बाटलीतच होते, तीतून वायू तयार होतो. तळाचा गाळ हळूहळू मानेशी आणून, मान गोठवून काढून टाकतात. ते काम प्रत्यक्ष चालू असलेले दिसले तर थांबून पाहावे.

पायाने द्राक्षे तुडवण्याचा कार्यक्रम हंगामात काही ठिकाणी असतो. मजा म्हणून ठीक आहे. तुम्ही प्याल ती वाइन तशी तयार होत नाही.

७. चव घेताना

आधी फसफसती, मग पांढरी, रोझे, लाल आणि शेवटी गोड, हा क्रम असतो. ग्लास दांडीला धरावा, रंग पाहावा, हलकेच फिरवून वास घ्यावा आणि लहान घोट तोंडात घोळवावा. टेबलावर ठेवलेले रिकामे भांडे थुंकण्यासाठी असते. ते वापरण्यात कसलाही कमीपणा नाही, जाणकार वापरतातच. दोन प्रकारांच्या मध्ये पाणी प्यावे.

पहिल्यांदा लाल वाइन घेणाऱ्याला ती तुरट लागते आणि बहुतेक जण तोंड वाकडे करूनही “छान आहे” म्हणतात. आवडली नाही तर तसे सांगावे. समोरचा माणूस दुसरे काही सुचवतो. तिखट खाणाऱ्यांनी किंचित गोडसर शेनिन ब्लाँ अवश्य पाहावी. शेवभाजीच्या रश्श्यासोबत तुरट लाल वाइन तिखटपणा वाढवते, तर थंड शेनिन तो शमवते. भरिताशी मात्र हलकी, फार तुरट नसलेली लाल जमते. वांग्याचा धुरकट वास तिला मानवतो.

एका दिवसात दोन वायनरी पुरेत. तिसऱ्या ठिकाणी जीभ बधिर झालेली असते आणि तिथे दिलेले पैसे बुडीत खाती जातात.

८. खरेदी आणि परतीचा रस्ता

शहरातल्या दुकानात सहज मिळणारी बाटली वायनरीतून वाहून आणण्यात अर्थ नाही. फक्त तिथेच विकले जाणारे प्रकार कोणते, हे विचारून तेवढेच घ्यावे. बिल आणि परवाना बाटल्यांसोबतच ठेवावा आणि सील फोडू नये.

नंदुरबार, नवापूर आणि तळोद्याकडे परतणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. नाशिकहून वणी, सापुतारा, आहवा असा रस्ता सुंदर आहे आणि नवापूरकरांना तो सोयीचाही वाटतो, परंतु सापुताऱ्यापासून गुजरात सुरू होते आणि तिथे दारूबंदी आहे. महाराष्ट्रातले बिल, महाराष्ट्रातला परवाना आणि न फोडलेले सील यांपैकी काहीही त्या नाक्यावर उपयोगी पडत नाही. गाडी जप्त होते आणि गुन्हा नोंदवला जातो. सुरतमार्गे रेल्वेने येणाऱ्यांनाही हेच लागू आहे. नवापूरचे रेल्वे स्थानकच अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, यावरून सीमा किती जवळ आहे ते समजावे. बाटल्या सोबत असतील तर सटाणा, पिंपळनेर, साक्री हाच रस्ता धरावा, मग तो लांब पडला तरी चालेल.

दुसरा धोका उन्हाचा. मार्चच्या दुपारी जेवायला थांबून मोटार उन्हात उभी केली तर डिकीतली वाइन अक्षरशः शिजते, बूच वर सरकते आणि चव जॅमसारखी होते. पेटी डिकीत न ठेवता प्रवाशांच्या पायाशी, वातानुकूलित भागात ठेवावी.

९. घरी आल्यावर

वाइन “खोलीच्या तापमानाला” प्यावी असे पुस्तकात लिहिलेले असते. ती खोली युरोपातली. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यातली नव्हे, जिथे पारा ४५ अंशांवर जातो. लाल वाइनही पिण्यापूर्वी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. पांढरी आणि रोझे दोन तास, फसफसती त्याहूनही जास्त. स्वयंपाकघरातल्या फळीवर किंवा माळ्यावर बाटली साठवू नये. वेगळी थंड जागा नसेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी: बुचाची बाटली आडवी, फिरकीच्या झाकणाची उभी चालते. रोजच्या पिण्याच्या बहुतेक भारतीय पांढऱ्या वाइन वर्ष-दोन वर्षांत संपवण्यासाठीच केलेल्या असतात, त्या जपून ठेवल्याने सुधारत नाहीत. उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, फसफसती दुसऱ्या दिवशीच संपवावी. आंबूस वास येऊ लागला तर ती पिण्याऐवजी स्वयंपाकात व्हिनेगरच्या जागी वापरावी.